मुख्य निवडणूक आयुक्त नेमके करतात काय?

केंद्राध्यक्ष (निवृत्त)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि नऊ निवडणुकांत ड्युटी लागली. पहिल्या दोन वेळा मतदान अधिकारी, म्हणजे बोटाला शाई लावणं आणि रजिस्टरवर सही-अंगठा घेणं. नंतर कायम केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी तहसीलला साहित्य घ्यायचं, मोजून घ्यायचं, एसटीत बसायचं, कुठल्यातरी शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपायचं. पहाटे उठून अभिरूप मतदान: किमान पन्नास मतं टाकायची, निकाल उमेदवारांच्या एजंटांना दाखवायचा, मशीन कोरं करायचं, सील लावायचं. सातला मतदान सुरू. संध्याकाळी क्लोज बटण, नमुना १७-सी, म्हणजे पडलेल्या मतांचा हिशेब, भरायचा, एजंटांना प्रती द्यायच्या. मग रात्री एकच्या सुमारास संकलन केंद्रावर रांगेत उभं राहायचं. टेबलामागचा कारकून म्हणतो, "गुरुजी, हे पाकीट वेगळं नाही केलंत."

एवढ्या सगळ्या वर्षांत मुख्य निवडणूक आयुक्त मला भेटले ते फक्त हस्तपुस्तिकेत. पण त्या दोन दिवसांत माझा साहेब शिक्षणाधिकारी नसतो, आयोग असतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २८-अ आहे. अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत निवडणुकीच्या कामावरची माणसं, पोलिसांसह, आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलं जातं. २०२४ च्या लोकसभेला साधारण ९७ कोटी मतदार, साडेदहा लाख मतदान केंद्रं आणि दीड कोटी कर्मचारी-सुरक्षारक्षक होते. आयोगाचं स्वतःचं दिल्लीतलं कार्यालय मात्र काही शे माणसांचं. बाकी सगळे उसने! मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले, विमा कंपनीतले.

म्हणून माझं म्हणणं असं, की टीव्हीवर आपण आयुक्तांना एकतर वाघ करतो नाहीतर मांजर, पण त्या खुर्चीकडे स्वतःचं म्हणावं असं फार थोडं असतं. माणसं राज्याची, गाड्या राज्याच्या, शाळा जिल्हा परिषदेच्या. त्यांच्या हातात खरीखुरी असते ती तारीख. निवडणूक कधी घ्यायची, किती टप्प्यांत घ्यायची, कुठली पुढे ढकलायची. सरकारं तिथे हलतात. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

पहिला नंबर. रुमाल टाकून ठेवतो, जेवून येतो.

काळा डगला

गुरुजी, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). फार दिवसांनी कोणीतरी पक्षाचं नाव न घेता निवडणुकीवर लिहिलंय.

आधी नावांचा घोळ निस्तरते, कारण बातम्या देणारेही तो करतात. *मुख्य निवडणूक आयुक्त* दिल्लीत, निर्वाचन सदनात बसतात. *मुख्य निवडणूक अधिकारी* प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. तो त्याच राज्याच्या केडरमधला आयएएस, आयोगाने नेमलेला, मुंबईत बसणारा. जिल्ह्यात जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा निवडणूक अधिकारी. मतदारसंघात निकाल जाहीर करतो तो निवडणूक निर्णय अधिकारी. आणि *राज्य निवडणूक आयुक्त* हा या साखळीत बसतच नाही. त्याची वेगळी घटनात्मक संस्था आहे, अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळं त्याच्याकडे.

तेव्हा तुमच्या नऊपैकी ज्या जिल्हा परिषदेच्या असतील, त्या वेळी तुमचा साहेब दिल्लीचा नव्हताच.

केंद्राध्यक्ष (निवृत्त)

बरोबर आहे ताई, दोन जिल्हा परिषदेच्या होत्या. शाई तीच, बोट तेच, त्यामुळे आम्हाला कळायचं नाही!

नव्वदीतला

तारीख वगैरे ठीक आहे, पण माणूसही लागतो हो. ज्यांनी १९९० च्या आधीच्या निवडणुका पाहिल्यात त्यांना विचारा. भिंती रंगलेल्या, रात्रभर कर्णे, बूथ ताब्यात घेतल्याच्या बातम्या पेपरात आतल्या पानावर, इतक्या नेहमीच्या. आणि मग १२ डिसेंबर १९९० ला टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून आले. आचारसंहिता आधीही होती. १९६० मध्ये केरळात सुरू झाली, म्हणजे शेषन येण्याआधी तीस वर्षं होती. पण ती खरंच पाळायची असते हे लोकांना त्यांनी दाखवलं. कायदे नवे केले नाहीत, होते तेच वाचले. गुरुजींनी सांगितलेलं २८-अ हे १९८९ मध्ये आलं. ते वापरून अधिकाऱ्यांना "तू आत्ता माझा आहेस" असं सांगणारा माणूस नंतर आला. फोटोचं ओळखपत्र १९९३ पासून. १९९६ ला मॅगसेसे.

आमच्या चाळीच्या भिंतीवर एका उमेदवाराचं नाव होतं, ते पुसायला त्याचेच कार्यकर्ते चुन्याची बादली घेऊन आले. माझी आजी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हा शेषन कुठल्या पक्षाचा?"

सही नाही

आजींचा प्रश्न चुकीचा नव्हता. :) निवृत्तीनंतर १९९७ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, शिवसेनेच्या पाठिंब्यावर. १९९९ ला काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरात अडवाणींविरुद्ध उभे राहिले. दोन्ही हरले. खुर्चीवर असताना निःपक्ष होते यात मला शंका नाही, पण निवृत्तीनंतर पंच मैदानात उतरायला लागले की आधीच्या निर्णयांकडेही लोक वळून बघतात. यावर बंदी आजही नाही.

आणि त्यांचा २ ऑगस्ट १९९३ चा आदेश? सरकार आयोगाचे अधिकार मान्य करत नाही तोवर देशात एकही निवडणूक नाही. लोकशाहीच्या रखवालदाराने दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकावी असा प्रकार. आज कुणी असं केलं तर इथेच पाचशे प्रतिसादांचा धागा निघेल.

नव्वदीतला

त्या कुलपामुळेच आतले जागे झाले!

काळा डगला

जागे झाले आणि दोन महिन्यांत, १ ऑक्टोबर १९९३ ला, त्यांनी शेषन यांच्या शेजारी दोन खुर्च्या टाकल्या. मनोहर सिंग गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती. ही गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे, कारण "मुख्य" या शब्दाचा अर्थ तिथे ठरला.

घटनेत अनुच्छेद ३२४ मध्ये आयोग म्हणजे मुख्य आयुक्त आणि राष्ट्रपती ठरवतील तेवढे इतर आयुक्त. १९५० पासून जवळजवळ चाळीस वर्षं इतर कुणी नव्हतंच, आयोग म्हणजे एक माणूस. ऑक्टोबर १९८९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, पेरी शास्त्री मुख्य असताना दोघे नेमले गेले. सरकार बदललं आणि १ जानेवारी १९९० ला ती पदंच रद्द. त्यातले एक, धनोआ, सुप्रीम कोर्टात गेले आणि हरले. पद ठेवायचं की नाही हा सरकारचा निर्णय, असं कोर्ट म्हणालं. १९९३ ला पुन्हा दोघे आले, या वेळी कायदाच असा केला की तिघांचा दर्जा समान, मतभेद झाला तर बहुमत. शेषन कोर्टात गेले. १९९५ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं, हे घटनेत बसतं, मुख्य आयुक्त म्हणजे समानांमधला पहिला.

म्हणजे आज मुख्य निवडणूक आयुक्त एकटे काहीच ठरवत नाहीत. बाकीचे दोघे विरोधात गेले तर "मुख्य" हरतो.

एक गाठ मात्र तशीच राहिली. मुख्य आयुक्ताला हटवायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखी प्रक्रिया लागते, संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. इतर दोघांना मात्र मुख्य आयुक्तांच्या शिफारशीवरून हटवता येतं. मत समान, संरक्षण असमान. जो तुमच्याशी असहमत होऊ शकतो त्याच्याविरुद्ध शिफारस करण्याचा अधिकार तुमच्याचकडे. कोर्टाने सांगून ठेवलंय की ती शिफारस लहर म्हणून करता येणार नाही, सबळ कारण हवं. जानेवारी २००९ मध्ये मुख्य आयुक्त गोपालस्वामींनी आयुक्त नवीन चावलांना हटवण्याची शिफारस केली, ती मान्य झाली नाही आणि एप्रिलमध्ये चावलाच मुख्य झाले.

तिरकस

आलो जेवून. ऑफिसातल्या राजकारणाची ही आवृत्ती आवडली. शिफारस केली त्याच्याविरुद्ध आणि खुर्ची त्यालाच.

अंगणवाडीताई

मी बीएलओ आहे, म्हणजे एका मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणारी. यादीच्या कामाला आम्हालाच पाठवतात, पोषण आहार वाटून झाला की दुपारी वही घेऊन दारोदार. इथे सगळे मतदानाच्या दिवसाबद्दल बोलताय, पण अर्धी निवडणूक यादीत असते. यादीत नाव नाही तर मशीन कितीही चांगलं असू दे.

घरात गेले की विचारते, तुमचं नाव काय? आजही एखादी म्हातारी पदर तोंडाला लावून सुनेकडे बघते. सून सांगते मग. मागे कुणीतरी मला सांगितलं की पहिल्या निवडणुकीत हाच प्रकार झाला होता आणि लाखो बायकांची नावं कापली. खरं आहे का ते?

उंबरठा

खरं आहे ताई, आणि या धाग्यावर सुकुमार सेन यांचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटत होतं.

सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. आयसीएस, त्याआधी पश्चिम बंगालचे मुख्य सचिव, गणिताचे शिकलेले. २१ मार्च १९५० ला रुजू झाले. १७ कोटींहून जास्त मतदार, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, एकही यादी तयार नाही. नेहरूंना १९५१ च्या वसंतात निवडणूक हवी होती, सेन यांनी थांबायला लावलं. (गुरुजी, तुमची तारीख!) शेवटी २५ ऑक्टोबर १९५१ ला हिमाचलातल्या चिनी या गावात पहिली मतं पडली, कारण पुढे बर्फाने वाट बंद झाली असती. उरलेला देश फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालला.

आणि यादी. उत्तरेतल्या कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशा नोंदी झाल्या. सेन म्हणाले, नाव हवं. मुदत वाढवून दिली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास अठ्ठावीस लाखांनी नाव दिलं नाही आणि त्यांच्या नोंदी वगळल्या गेल्या. त्या वेळीही आरडाओरडा झाला. सेन यांना वाटलं, या एका वेळेच्या आरड्याने पुढच्या वेळी नावं येतील. आणि बऱ्याच अंशी आली.

मी या निर्णयावर कित्येकदा विचार केलाय आणि अजून माझं मत पक्कं होत नाही. मतदाराला स्वतःचं नाव असलंच पाहिजे, हे तत्त्व म्हणून किती मोठं. पण त्या अठ्ठावीस लाखांतली एखादी १९५७ च्या आधी गेली असेल, तिचं काय? तिच्या वाट्याला मत आलंच नाही.

अंगणवाडीताई

आमच्याकडे कापायचं असेल तर फॉर्म ७ लागतो, नोटीस लागते, घरी दोनदा जावं लागतं. तरी चुका होतात. मागच्या वर्षी एका जिवंत माणसाचं नाव मयत म्हणून गेलं, तो माझ्याच दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, मी कधी वारलो?" चूक माझी नव्हती, पण शिव्या मीच खाल्ल्या. वर बसलेल्यांना फोन लागत नाही, माझा नंबर सगळ्या वाडीकडे आहे.

संपादक मंडळ

सध्याच्या मतदारयादी पुनरीक्षणाच्या वादावर स्वतंत्र धागा आहे, पक्षीय हाणामारी तिकडे करावी. या धाग्यावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

तिरकस

वगळलेल्या प्रतिसादांची यादी कारणांसह प्रसिद्ध करा अशी मी आयोगाकडे, आपलं मंडळाकडे, मागणी करतो.

सही नाही

तिरकसने विनोदात मुद्दा मारला. गुरुजींच्या "तारीख" या मुद्द्याला मी थोडा पुढे नेतो. तारीख हातात असणं ही ताकद खरी, पण त्या तारखेची कारणं काय दिली यावर ती ताकद पचते की नाही ते ठरतं. आपल्याच राज्यातल्या दोन गोष्टी ठेवतो.

एक, २०२०. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री, पण कुठल्याच सभागृहाचे सदस्य नाहीत. सहा महिन्यांची मुदत मे अखेरीस संपणार. कोविडमुळे विधान परिषदेची निवडणूक आयोगाने पुढे ढकललेली. राज्यपालांनी आयोगाला पत्र लिहिलं, आयोगाने २१ मे ची तारीख दिली, निवडणूक बिनविरोध झाली, सरकार राहिलं. तारीख दोन आठवडे पुढे गेली असती तर मुख्यमंत्री बदलावा लागला असता. तीन माणसांच्या एका बैठकीत हे ठरलं.

दोन, पुणे. मार्च २०२३ मध्ये खासदार गिरीश बापट गेले. कायद्याने सहा महिन्यांत पोटनिवडणूक. ती झालीच नाही. इतर निवडणुकांत यंत्रणा गुंतली आहे, निवडून आलेल्याला फार काळ मिळणार नाही, असं आयोगाचं म्हणणं. डिसेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने आयोगाचे कान उपटले आणि तातडीने निवडणूक घ्या म्हणून सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, लोकसभाच तोंडावर होती. पुणेकर वर्षभर बिनखासदार. पुणेकरांना याची सवय नाही, पत्रं लिहायला माणूस लागतो.

काळा डगला

तारखेच्या बाबतीत तिसरंही घ्या, गुजरात २००२. जुलैमध्ये विधानसभा बरखास्त झाली, सरकारला निवडणूक लवकर हवी होती. लिंगडोह मुख्य आयुक्त. आयोगाची माणसं जाऊन आली, दंगलींनंतर छावण्यांत गेलेले लोक घरी परतलेले नाहीत, याद्या निरुपयोगी, आत्ता निवडणूक नाही असं ऑगस्टमध्ये लेखी कारणांसह सांगितलं. विधानसभेच्या दोन बैठकांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, या अनुच्छेदाचं काय, म्हणून राष्ट्रपतींमार्फत प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं, ते कलम बरखास्त विधानसभेला लागू नाही, वेळापत्रक हा आयोगाचा प्रांत. निवडणूक डिसेंबरमध्ये झाली.

पण आयोगाला रान मोकळं आहे असं समजू नका. १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल प्रकरणात (हे गिल वेगळे, आयुक्त नव्हेत) कोर्ट म्हणालं, कायदा जिथे गप्प आहे तिथे अनुच्छेद ३२४ हा अधिकारांचा साठा आहे. जिथे कायदा बोलतो तिथे मात्र आयोगाने त्याच्या विरुद्ध जायचं नाही. याचा चटका १९८२ मध्ये बसला. केरळात परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर आयोगाने पहिल्यांदा मतदान यंत्रं वापरली. शिवन पिल्लै १२३ मतांनी जिंकले. हरलेले ए. सी. जोस कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, कायद्यात मतपत्रिका लिहिली आहे, यंत्र नाही, तुम्हाला हा अधिकार कुणी दिला? त्या ५० केंद्रांवर कागदाने फेरमतदान झालं आणि जोस जिंकले. यंत्राचं कलम कायद्यात आलं ते १९८९ मध्ये.

दूरदेशी

कॅनडातून लिहितोय. इथे मुख्य निवडणूक अधिकारी एकच असतो आणि त्याला संसदेचं कनिष्ठ सभागृह ठरावाने नेमतं. दहा वर्षं, पुन्हा नाही. शेजारी अमेरिकेत देशभराची निवडणूक घेणारा असा कुणी नाहीच, प्रत्येक राज्य आपापली घेतं. त्यांचा फेडरल आयोग फक्त प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघतो. आपल्याकडची एक खुर्ची एवढं सगळं करते हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं तर पटत नाही. पण नेमणुकीत आपण मागे आहोत असं माझं मत.

काळा डगला

नेमणुकीचा प्रश्न घटना समितीतच निघाला होता. जून १९४९ मध्ये शिब्बनलाल सक्सेना म्हणाले, नेमणुकीवर संसदेच्या दोनतृतीयांश मतांची मोहोर हवी, नाहीतर पंतप्रधान आपला माणूस बसवतील. उत्तरात डॉ. आंबेडकरांनी आढेवेढे घेतले नाहीत. नालायक किंवा लबाड माणूस त्या जागी बसू नये आणि तो सरकारच्या मुठीत जाऊ नये यासाठी मसुद्यात तरतूद नाही, हे त्यांनी कबूल केलं. हा प्रश्न आपल्याला डोकेदुखी ठरला हेही सांगितलं. शेवटी संसद कायदा करील असं लिहून ठेवलं आणि पुढची ७० वर्षं तो कायदा कुणीच केला नाही. निवडणूक सुधारणांवरच्या १९९० च्या गोस्वामी समितीने सरन्यायाधीश आणि विरोधी पक्षनेत्याशी सल्लामसलत सुचवली होती, तीही कागदावर राहिली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सनदी अधिकारी अरुण गोयल यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी ते आयुक्त झाले. सुप्रीम कोर्टात याच विषयाची सुनावणी चालू होती, कोर्टाने फाइलच मागवली. २ मार्च २०२३ चा निकाल: कायदा होईपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश अशी समिती. वर्षअखेर कायदा झाला, त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री. म्हणजे तिघांत दोन मतं सरकारची. त्या कायद्याखालचे पहिले मुख्य आयुक्त ज्ञानेश कुमार, फेब्रुवारी २०२५ पासून.

माझं मत विचाराल तर मला त्या समितीत सरन्यायाधीश असावेत असा आग्रह नाही. न्यायाधीशांनी नेमणुका कराव्यात आणि उद्या त्याच नेमणुकीवर खटला ऐकावा, हेही बरं नाही. पण एकाच बाजूचं बहुमत पक्कं असलेल्या समितीला समिती म्हणायचं कशाला?

नव्वदीतला

आणि मुदत? सहा वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते. साठीला आलेला सनदी अधिकारी नेमायचा म्हणजे सहा वर्षं पूर्ण होणारच नाहीत. शेषन यांच्यानंतर मुख्य आयुक्त म्हणून सहा वर्षं कुणालाच मिळाली नाहीत. २०१५ मध्ये ब्रह्मा तर तीन महिनेच होते. तीन महिन्यांत माणूस फाइली कुठे ठेवल्यात ते शिकतो.

दूरदेशी

इथे दहा वर्षं आहेत त्याचा फायदा मला आता कळला. माणूस दोन-तीन निवडणुका स्वतः बघतो.

सही नाही

आणि मार्च २०२४ विसरू नका. एक आयुक्त फेब्रुवारीत निवृत्त, गोयल यांचा ९ मार्चला अचानक राजीनामा. पाच दिवस तीन खुर्च्यांवर एकटे मुख्य आयुक्त राजीव कुमार. १४ मार्चला दोघे आले, १६ मार्चला जगातल्या सगळ्यात मोठ्या निवडणुकीची घोषणा. नव्या दोघांनी वेळापत्रक वाचलं तरी असेल का?

२०१९ ला आयुक्त अशोक लवासांनी आचारसंहितेच्या तक्रारींवर वेगळं मत नोंदवलं आणि ते आदेशात यावं म्हणाले. आयोगाने ठरवलं की अल्पमत फाइलीत राहील, आदेशात नाही. म्हणून मी वर कारणांचं तुणतुणं वाजवतोय. कोर्टातला न्यायाधीश असहमत झाला तर त्याचं निकालपत्र आपण वाचू शकतो, आयुक्ताचं नाही.

केंद्राध्यक्ष (निवृत्त)

मी काढलेल्या धाग्यावर मीच विद्यार्थी झालो. 'सही नाही' यांचं पटलं. खाली आमच्याकडून एका एका गोष्टीचं कारण लिहून घेतात. मतदान सात मिनिटं उशिरा सुरू झालं तर केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत कारण. मशीन बदललं, कारण. एखाद्याने नाव सांगून मत दिलं नाही, शेरा. आम्हाला ही शिस्त त्यांनीच लावली, तर त्यांनी स्वतः चार ओळी जास्त लिहायला काय हरकत आहे?

दोन रुपयांची गोष्ट सांगतो. एका केंद्रावर एका एजंटने एका मतदारावर आक्षेप घेतला, हा तो नव्हेच म्हणून. आक्षेपित मताचा नियम असा की आक्षेप घेणाऱ्याने दोन रुपये भरायचे, पावती द्यायची, चौकशी करायची. दोन रुपये, आजही. मी गावच्या कोतवालाला बोलावलं, पोलीस पाटलांना बोलावलं. दोघे म्हणाले, हाच तो, आमच्यासमोर वाढलाय. आक्षेप फेटाळला, मतदाराने मत दिलं, दोन रुपये सरकारजमा. रात्री एक वाजता संकलन केंद्रावर कारकुनाने पावतीपुस्तक उलगडलं आणि म्हणाला, "दोन रुपये द्या." मी खिशात हात घातला तर पाचशेची नोट. त्याच्याकडे सुटे नाहीत. मागे रांगेत चाळीस केंद्राध्यक्ष झोपेने डुलतायत. शेवटी एसटीच्या ड्रायव्हरकडून दोन रुपये उसने घेतले.

तिरकस

माणसं उसनी, गाड्या उसन्या आणि शेवटी दोन रुपयेही उसनेच.

उंबरठा

गुरुजी, एक विचारू? नऊ वेळा ड्युटी केलीत, तुमचं स्वतःचं मत कुठे पडलं?

केंद्राध्यक्ष (निवृत्त)

ड्युटी आपल्याच मतदारसंघात लागली असेल तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं, ज्या केंद्रावर आहात तिथेच मशीनवर मत देता येतं. तसं लोकसभेला दोनदा झालं. बाहेर लागली तर टपाली मतपत्रिका. आता प्रशिक्षणाच्या ठिकाणी सुविधा केंद्रावरच मत टाकून घेतात, पूर्वी पाकीट घरी यायचं आणि आपण परत पाठवायचं. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत पोहोचलं तरच मोजतात.

एका विधानसभेला माझं पाकीट घरी आलं ते निकालानंतर तिसऱ्या दिवशी. पोस्टमन माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, सही करा, सरकारी आहे."

अंगणवाडीताई

मग सही केलीत का?

केंद्राध्यक्ष (निवृत्त)

केली. ते पाकीट अजून आहे, उघडलेलं नाही. आणि ड्रायव्हरचे दोन रुपये द्यायचे राहिले ते राहिलेच, पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या डेपोची होती.